उजवं पान, डावं पान आणि एक गुलाबी बॅच

आयुष्यभर मी एकच साहित्यप्रकार हाताळला, तो म्हणजे तपासणी अहवाल. त्याला वाचक जेमतेम तीन, आणि तिघांनाही तो वाचायची हौस नसायची. त्यामुळे आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाताळ अंकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, "रेजिनाबाई, तुमच्या कारखान्यातल्या कामावर काहीतरी लिहा," तेव्हा मला हसूच आलं. त्यांना वाटत होतं, प्रयोगशाळेतली बाई म्हणजे परीक्षानळी आणि धूर. मी त्यांना म्हटलं, "अहो, माझं निम्मं आयुष्य लिहिण्यात गेलंय. फक्त ते कुणी छापलं नाही." ते बिचारे ओशाळले. चहा पिऊन जाताना म्हणाले, "मग त्यावरच लिहा."

तर लिहिते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात मी लॅब सांभाळत होते. आम्ही औषधी मलमांसाठी लागणारी एक पांढरी भुकटी बनवायचो. ती सॅलिसिलिक ॲसिडच्या कुळातली. एका वेळी रिॲक्टरमध्ये जेवढा माल शिजतो, त्याला बॅच म्हणायचं. बॅच चांगली झाली तर शाबासकी प्रॉडक्शनला. बिघडली की सगळे लॅबच्या दारात उभे, "काय झालं ते शोधा आणि लिहून द्या." शोधा आणि लिहून द्या ही त्यांना दोन कामं वाटायची. मलाही सुरुवातीची काही वर्षं तसंच वाटायचं.

माझे पहिले साहेब सामंत सर. शिस्तीचा माणूस. नव्या केमिस्टला ते पहिल्या दिवशी एक जाड वही द्यायचे आणि सांगायचे, "उजव्या पानावर जे दिसलं ते. डाव्या पानावर जे वाटलं ते. पानं बदलायची नाहीत." आणि दुसरा नियम, खाडाखोड नाही. चुकलं तर त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. मी पहिल्याच आठवड्यात उजव्या पानावर 'माल अशुद्ध आहे' असं लिहिलं. सरांनी वही माझ्यासमोर आपटली. "अशुद्ध तुला दिसलं? कुठल्या डोळ्याने?" मला दिसली होती ती पिवळसर झाक. अशुद्ध हे मला वाटलं होतं. मी रेघ मारली, सही केली आणि तो शब्द डाव्या पानावर नेला. तेव्हा राग आला होता. आज सांगते, लिहिण्याचं याहून चांगलं शिक्षण मला कोणी दिलं नाही.

या दोन पानांनी आम्हाला गमतीची प्रकरणंही सोडवून दिली. नालासोपाऱ्याला एका गाळ्यात बाम बनवणारे एक गृहस्थ आमचे गिऱ्हाईक होते. त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमचा माल रुसलाय." आमच्या एका सहकाऱ्याने तक्रारवहीत लिहिलं, 'गुणवत्तेबाबत असमाधान.' मी ते वाचून परत फोन लावला. म्हटलं, "रुसतो म्हणजे नेमकं काय करतो?"

"अहो, सकाळी तेलात मिसळतच नाही. गुठळ्या धरतो. दुपारी तोच डबा काढला की मस्त मिसळतो. मूडी आहे एकदम."

मी उजव्या पानावर तसंच लिहिलं, सकाळी गुठळ्या, दुपारी नाही, डबा तोच. तीनच गोष्टी. पण त्या कागदावर एकाखाली एक बसल्या आणि मला कळलं की माल बदलत नाही, सकाळ बदलतेय. मी रिक्षा करून त्यांच्या गाळ्यावर गेले. शेजारच्या गाळ्यात फेरीवाल्यांसाठी पहाटेपासून इडल्या वाफवल्या जात होत्या, आणि मधल्या पत्र्याच्या भोकातून ती सगळी वाफ आमच्या उघड्या डब्यावर. अहवालात मी लिहिलं, 'कारण: शेजारची इडली. उपाय: डब्याला झाकण.' माझ्या सगळ्या अहवालांत तेवढाच एक लोकांनी आवडीने वाचला.

पण हे आपलं कौतुक झालं. माझ्या कपाटात दुसरेही अहवाल आहेत. कारखान्यात 'मानवी चूक' नावाचं एक फार सोयीचं कारण असतं. कारण सापडत नाही, गिऱ्हाईक घाई करतंय, मॅनेजर डोक्यावर बसलाय, अशा वेळी लिहायचं, 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे.' फाईल बंद. मी असे चार अहवाल लिहिले. चारही वेळा उजवं पान जवळजवळ कोरं होतं आणि मी डाव्या पानावरचं उचलून सही केली. त्या चौघा ऑपरेटरांपैकी एकाबद्दल लिहिलं ते बरोबर होतं असं मला अजून वाटतं. उरलेल्या तिघांचे चेहरे मला चर्चमध्ये मिस्सेत बसल्यावर आठवतात, आणि आठवायलाच हवेत.

पाचवा अहवाल धर्माभाऊंचा व्हायचा होता.

धर्माभाऊ आमचे सेंट्रिफ्यूजचे ऑपरेटर. सेंट्रिफ्यूज म्हणजे कपडे पिळायच्या मशीनसारखंच, फक्त माणूस आत उभा राहील एवढं. रिॲक्टरमधून ओला माल त्यात यायचा, गरगर फिरून पाणी निघून जायचं, मग वरून शुद्ध पाण्याने तो धुवायचा. धर्माभाऊ जवळच्याच गावचे, घरची भातशेती, वयाने माझ्याहून मोठे. मला 'बाय' म्हणायचे. मोजकं बोलायचे आणि मशीनच्या आवाजावरून आत किती माल बसलाय ते सांगायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

एका सकाळी ड्रायरमधून माल निघाला तो गुलाबी. बाळाच्या तळव्यासारखा छान गुलाबी, पण मलमवाल्याला तो काय कामाचा? आमचे प्लँट मॅनेजर शेवडे सर लॅबमध्ये आले ते निकाल घेऊनच.

"मॅडम, सरळ आहे. धर्माने शुद्ध पाण्याऐवजी नळीने बोअरचं पाणी मारलंय. टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात ना! मागे एकदा पकडलं होतं त्याला, आठवतंय?"

आठवत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, फरशी धुताना. माल धुताना नव्हे. पण नाव एकदा लागलं की लागलंच.

"उद्या गिऱ्हाइकाची माणसं ऑडिटला येतायत," सर म्हणाले. "चार वाजेपर्यंत रिपोर्ट द्या. त्याचा गेट पास मी काढून घेतलाय. रिपोर्टवर तुमची सही झाली की पत्र देऊन टाकू."

मी खिडकीतून पाहिलं. गेटजवळच्या बाकावर धर्माभाऊ डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा उघडलेला नव्हता. मी खाली गेले.

"धर्माभाऊ, खरं सांगा. पाणी कुठलं मारलंत?"

"टाकीतला, बाय. मी काय येडा हाय काय माल खारट पान्यान धुवायला? बावीस वरसं झाली." मग म्हणाले, "नोकरी गेली त जाऊ दे. पन धर्मानी माल नासवला, ह्या कागदावर नको. माजा पोरगा पन याच एरियात कामाला हाय."

मी वर आले, वही उघडली आणि ठरवलं की आज डाव्या पानाला हातही लावायचा नाही.

इथे थोडं रसायन सांगते, घाबरू नका. सॅलिसिलिक कुळातल्या पदार्थाला लोखंडाचा अंश लागला की तो जांभळा किंवा गुलाबी होतो. हे बारावीच्या मुलालाही माहीत असतं. म्हणजे कुठून तरी लोखंड आलं, एवढं नक्की. आता आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंडही होतं आणि मीठही. वसईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मी मूळची नंदाखालची. आमच्या वाडीत पानवेल होती, आणि उन्हाळा लागला की विहीर मचूळ व्हायची. बाबा वेलींना पाणी सोडण्यापूर्वी रोज ओंजळभर तोंडात घेऊन बघायचे. रोज. मी एकदा विचारलं होतं, कालच तर बघितलंत, आज पुन्हा कशाला? ते म्हणाले होते, काल बघितलं ते कालचं पाणी होतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आले.

म्हणजे बोअरचं पाणी मारलं असेल तर लोखंडाबरोबर मीठही मालात उतरायला हवं. मी गुलाबी भुकटी चांगल्या पाण्यात हलवली, गाळली, त्या पाण्यात थेंबभर ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. शेजारी बोअरच्या पाण्याचा नमुना ठेवला. बोअरचं लगेच दुधाळ झालं. मालाचं काचेसारखं स्वच्छ. मी पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ.

धर्माभाऊ खरं बोलत होते.

अकरा वाजले होते. प्रामाणिकपणे सांगते, मला तिथेच थांबायचा मोह झाला. 'बोअरच्या पाण्याचा पुरावा नाही, कारण अज्ञात.' धर्माभाऊ कदाचित सुटलेही असते. कदाचित. पण कारण अज्ञात म्हटलं की रिकाम्या जागेत कोणीतरी बसवावं लागतं, आणि बसवायला माणूस गेटवर तयार होता. शेवडे सर काही दुष्ट नव्हते. त्यांना उद्यासाठी एक नाव हवं होतं.

म्हणून मी लिहायला घेतलं. असं अडलं की सामंत सर एकच सांगायचे, परक्या माणसाला हीच बॅच पुन्हा करायची आहे असं समजून पहिल्यापासून लिही. त्याला काहीही ठाऊक नाही. कुठला ड्रम, कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता. लिहिणाऱ्या लोकांना हे माहीत असेल. मनात गोष्ट अगदी सलग असते. कागदावर उतरवायला लागलं की मध्येच पाय खड्ड्यात जातो. मनातल्या मनात आपण खड्ड्यांवरून उडी मारून जातो, लिहिताना मारता येत नाही. लॅबमध्ये माझ्या अर्ध्या अडचणी काचेच्या भांड्यांनी सोडवल्या असतील, उरलेल्या त्या खड्ड्यांनी.

मी लिहीत गेले. कच्चा माल आला, नमुना तपासला, लोखंड नाही. रिॲक्टर, आतून काचेचं अस्तर, उतरून बघितलं, तडा नाही. पाइप, गाळणीचं कापड, सगळं एकेक. सेंट्रिफ्यूजची टोपली मी स्वतः पांढऱ्या फडक्याने पुसली, फडकं पांढरंच राहिलं. जेवायची सुट्टी झाली. मी जेवले नाही, आणि गेटवरचा डबाही अजून बंदच असणार हे मला माहीत होतं. मग वाक्य आलं, 'माल टाकीतल्या शुद्ध पाण्याने धुतला.' परक्या माणसाने विचारलं असतं, हे पाणी कुठून आलं?

त्या आठवड्यात आमचा पाणी शुद्ध करायचा प्लँट दुरुस्तीला होता. शुद्ध पाणी बाहेरून टँकरने मागवत होतो. नियम असा की टँकर रिकामा करण्याआधी लॅबने त्यातलं लोखंड तपासायचं आणि नोंद करायची. मी पाण्याचं रजिस्टर काढलं. सहा टँकरच्या सहा नोंदी, लोखंड नाही, लोखंड नाही. सातवा टँकर, गुलाबी बॅचच्या आदल्या दिवशीचा. त्यासमोर लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे.'

अक्षर माझं होतं. सही माझी होती.

मला तो क्षण स्पष्ट आठवला. टँकर गेटमध्ये आडवा लागला होता, मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते, ड्रायव्हर खालून ओरडत होता, "मॅडम, छोडो ना, रोज का ही पानी है!" मी बाटली भरली, विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात काही विरघळलंय का, तेवढी मीटरवर बघितली, ती ठीक आली. लोखंडाची चाचणी दहा मिनिटांची. सहा टँकर शुद्ध आले होते. मी 'नेहमीप्रमाणे' लिहिलं आणि हात हलवून गाडी आत घ्यायला सांगितली. म्हणजे डाव्या पानावरचं मी उजव्यावर लिहिलं होतं. जी चूक मी नव्या मुलींना वीस वर्षं करू दिली नव्हती, ती.

नमुन्याच्या बाटल्या आम्ही पंधरा दिवस ठेवायचो. सातवी फळीवर होती. पाणी नितळ. बुडाशी डोळे ताणून बघितलं तर तांबूस धूळ, चिमटीपेक्षाही कमी. गंज असा न विरघळता राहिला की मीटरला पत्ता लागत नाही. मी बाटली हलवली, थोडं पाणी काढलं, थेंबभर ॲसिडने गंज विरघळू दिला आणि वरून सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण सोडलं.

जांभळं झालं. सहाव्या टँकरचं शेजारी ठेवलं होतं, ते पाणीच राहिलं.

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली, लाज नंतर. तीन वाजून गेले होते. ती बाटली बेसिनमध्ये ओतायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं, आणि हा विचार मला आला नाही असं म्हणणार नाही. चर्चमध्ये पापनिवेदन करताना पडद्याआड एकच माणूस ऐकतो आणि तो कुणाला सांगत नाही. अहवालाच्या पाच प्रती निघतात.

मी शेवडे सरांना बोलावून दोन्ही नळ्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. टँकरवाल्याचा दोष. त्याच्या टाकीचं अस्तर फाटलं असणार. तेवढंच लिहा. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"टँकर गंजला ते खरंच आहे सर. पण गंजलेला टँकर ओळखायलाच तर मला ठेवलंय."

"मॅडम, उद्या ऑडिट आहे. ते लोक लॅबच्या सगळ्या नोंदींवर शंका घेतील."

"घेऊ द्या. बाकीच्या नोंदी टिकतील. हीच टिकणार नाही."

"हट्ट कशाला करताय?"

"हट्टच आहे," मी म्हटलं.

रजिस्टरमधल्या 'नेहमीप्रमाणे' या शब्दावर मी एक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी लिहिलं, 'लोखंड तपासलं नव्हतं,' आणि आजची तारीख घालून सही. मग अहवाल पुरा केला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेत तपासणी राहून गेली.' जणू ती स्वतःच्या पायांनी कुठेतरी राहून गेली होती. ते खोडलं आणि लिहिलं, 'तपासणी मी केली नाही.' चार शब्द, मूळ इंग्रजीतही चारच. माझ्या सगळ्या लिखाणात त्या चार शब्दांना सर्वांत जास्त वेळ लागला.

सही करण्याआधी मी कागद घेऊन गेटवर गेले. धर्माभाऊंना मराठी अक्षर लावून लावून वाचता यायचं, अहवाल इंग्रजीत. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि एकेक वाक्य मराठीत सांगत वाचून दाखवलं. बोअरचं पाणी वापरलं नाही हे ऐकताना त्यांनी मान हलवली, ते त्यांना माहीतच होतं. टँकरच्या वाक्याला ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटचं वाक्य वाचून झालं. वॉचमन रेडिओ लावून बसला होता, त्याने आवाज कमी केला.

मग धर्माभाऊ म्हणाले, "बाय, तुमचा नाव काढा त्यातना."

"का?"

"तुमची नोकरी मोठी. माजी दोनच वरसं र्‍हायली. मी सांगतो सायबाला, मीच मारला बोअरचा पानी. तुमी माज्यासाटी सकालधरना उपाशी हाव. मना आता काय नाय वाटनार."

सकाळी हाच माणूस कागदावर नाव नको म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. डोक्यात मात्र लॅबच चालू होती.

"धर्माभाऊ, तुमचं नाव लिहिलं तर काय होईल माहितेय? तुम्ही घरी जाल. मी खुर्चीवर राहीन. आणि टँकर उद्या पुन्हा येईल. पुढची बॅच पुन्हा गुलाबी निघेल."

त्यांनी विचार केला. कामाची गोष्ट त्यांना नेहमीच लगेच पटायची.

"ह्या बराबर," ते म्हणाले, आणि दिवसात पहिल्यांदा डब्याचं झाकण उघडलं. भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी होती. अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली आणि तिथेच, बाकावर कागद ठेवून, सही केली.

पुढे व्हायचं ते झालं. मला लेखी ताकीद मिळाली. सहा महिने माझ्या प्रत्येक नोंदीखाली माझ्याच हाताखालच्या मुलीची सही लागायची. ते सहा महिने मला जड गेले, खोटं कशाला बोलू. ऑडिटवाल्यांनी दोन दिवस आमची रजिस्टरं उपसली आणि जाताना त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी ती रेघ मारलेली ओळ बोटाने दाखवून विचारलं, "ही सही कुणाची?" मी म्हटलं, माझी. त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. त्या गिऱ्हाइकाचं काम आमच्याकडे राहिलं. मी त्या जुन्या चार अहवालांबद्दल काही करू शकले नाही, ती माणसं केव्हाच दुसरीकडे पांगली होती. ते उजवं पान कोरंच आहे.

ऑडिटनंतरची पहिली बॅच धर्माभाऊंनीच धुतली. तीन पायऱ्या चढून त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मला वरून हाक मारली, "बाय, बगा हां, टाकीतलाच हाय!" मी खाली उभी होते. पाणी दोनदा तपासून आले होते. दुसऱ्या दिवशी ड्रायर उघडला, मी भुकटी काळ्या कागदावर पसरली आणि खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. मग वही उघडली. आधीच्या सगळ्या बॅचना रंगासमोर मी काय लिहीत आले होते ते मागची पानं चाळून बघायची गरज नव्हती, ते कालचं पाणी होतं. उजव्या पानावर लिहिलं, 'रंग: पांढरा. स्वतः पाहिला.'